आई-वडिलांचा ‘द्वेष’ करावा काय? लूक १४:२६ या वचनाविषयी



उपासनेच्या ‘क’ वर्षात सामान्य काळातील तेविसाव्या रविवारी संत लूककृत शुभवर्तमानातील १४:२५-३३ हा उतारा मिस्साबलीत वाचला जातो. अलीकडे तो ७ सप्टेंबर २०२५ रोजी वाचला गेला. योगायोग असा, की हा रविवार नेहमीच पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या, म्हणजे ८ सप्टेंबरच्या आगेमागे येतो. एकीकडे आईच्या सणाची तयारी चाललेली असते आणि त्याच सुमारास वेदीवरून ऐकू येते, की जो आपल्या आई-बापाचा, पत्नीचा, मुलांचा, भावाबहिणींचा आणि स्वतःच्या जिवाचाही द्वेष करीत नाही तो प्रभूचा शिष्य होऊ शकत नाही. मग चौथ्या आज्ञेचे काय? सीनाय पर्वतावर आई-वडिलांचा मान राखा म्हणून सांगणारा देव आणि हे सांगणारा प्रभू एकच ना?

डहाणूच्या मसोली परिसरात किंवा तलासरीच्या पाड्यांवर हा प्रश्न केवळ अभ्यासवर्गापुरता उरत नाही. येथे एकाच घरात एकाने बाप्तिस्मा घेतलेला असतो आणि आई-वडील वाघदेवाला मानणारे असतात. ‘तुमच्या पुस्तकात आईबापाचा द्वेष करायला सांगितले आहे’ असे कोणी तोंडावर म्हटले, तर आपल्या तरुणाने काय उत्तर द्यावे? आणि त्याहून कठीण म्हणजे, त्याने ते वचन अक्षरशः खरे मानले तर?

प्रथम शब्दाकडे पाहू. लूकने ग्रीक भाषेत ‘मिसेओ’ हे क्रियापद वापरले आहे आणि त्याचा सरळ अर्थ द्वेष करणे हाच आहे. भाषांतरकारांनी चूक केली असे म्हणून सुटका होत नाही. परंतु त्या ग्रीक शब्दामागे हिब्रू बोलण्याची धाटणी आहे. उत्पत्तीचा एकोणतिसावा अध्याय उघडावा. तिसाव्या ओवीत याकोबाचे लेआपेक्षा राहेलवर अधिक प्रेम होते असे म्हटले आहे. लगेच पुढच्या ओवीत त्याच लेआसाठी मूळ हिब्रूत ‘द्वेष केलेली’ हा शब्द येतो. याकोब लेआच्या जिवावर उठला नव्हता. तिच्यापासून त्याला मुलेही झाली. तिचे स्थान दुसरे होते, एवढाच त्याचा अर्थ. अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात दोन पत्नी असलेल्या पुरुषाविषयीचा नियम आहे, तेथेही हीच जोडी भेटते. आपल्या मराठीला हे नवे नाही. राजाला एक आवडती आणि एक नावडती राणी असते, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि नावडतीचे मीठ अळणी असे सहज म्हणतो.

संत मत्तयने हेच वचन १०:३७ मध्ये नोंदविले आहे. तेथे द्वेष हा शब्द नाही; प्रभूपेक्षा आई-वडिलांवर वा मुलांवर अधिक प्रेम करणारा त्याला योग्य नाही, असा आशय आहे. मत्तयने अर्थ उलगडून सांगितला, लूकने बोलण्याची धार तशीच राखली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘देई वेर्बुम’ या दस्तऐवजात सांगितले, की पवित्र लेखकाला काय म्हणावयाचे होते हे समजण्यासाठी त्याच्या काळातील बोलण्याच्या पद्धती ध्यानात घेतल्या पाहिजेत. त्याचे हे चांगले उदाहरण ठरावे.

आणखी एक खूण वचनातच आहे. यादीच्या शेवटी ‘स्वतःच्या जिवाचाही’ असे येते. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा असे शिकविणारा प्रभू स्वतःचा अक्षरशः द्वेष करायला कसा सांगेल?

मात्र हे वचन इतके मऊ करू नये की त्यात काहीच उरू नये. काही प्रवचनांत तसे होते, आणि आम्हांला ते योग्य वाटत नाही. प्रभू यरुशलेमच्या वाटेवर आहे, मागे मोठा जमाव आहे. त्याच अध्यायात थोडे आधी मेजवानीचा दाखला येतो. एकाने शेत घेतले, एकाने बैलांच्या पाच जोड्या घेतल्या, तिसऱ्याने लग्न केले, म्हणून कोणीच आले नाही. लूकच्या यादीत पत्नीचा उल्लेख आहे आणि मत्तयच्या नाही, यामागे हा दाखला असावा असे आम्हांस वाटते. पुढे बुरूज बांधणारा आधी खर्चाचा हिशेब करतो आणि दहा हजारांनिशी वीस हजारांना तोंड देऊ पाहणारा राजा बसून विचार करतो. शिष्यत्वाची किंमत आधी मोजा, असा हा सारा रोख आहे. घरच्यांनी खोटी साक्ष द्यायला सांगितली, मुलीसाठी हुंडा मागायला लावला किंवा धर्मगुरू, धर्मभगिनी होऊ इच्छिणाऱ्याची वाट अडविली, तर ती किंमत खरोखर मोजावी लागते. कुटुंबाचे बंध महत्त्वाचे आहेत, पण ते सर्वोच्च नाहीत, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ क्रमांक २२३२ मध्ये शिकवितो.

पण याच प्रभूने देवाचे नाव पुढे करून आई-वडिलांना टाकणाऱ्यांना खडसावले आहे. मार्कच्या सातव्या अध्यायातील ‘कुर्बान’ हीच ती पळवाट. माझी मिळकत देवाला वाहिली आहे असे म्हटले की म्हाताऱ्या आई-बापाला काही द्यावे लागत नसे. वापी, बोईसरला कामाला गेलेल्या आपल्या मुलांनी हा उतारा लूकच्या वचनाशेजारी ठेवून वाचावा. संत पौल तर तीमथ्याला लिहितो, की जो घरच्यांची तरतूद करीत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट. आणि ज्याचा जोडीदार ख्रिस्ती नाही त्याला तो करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात सांगतो, की जोडीदार एकत्र राहण्यास राजी असेल तर त्याला सोडू नये.

तेव्हा पाड्यावर आई-वडील आजारी असतील तर त्यांच्या उशाशी बसणे, औषधपाण्याचा खर्च उचलणे, त्यांच्या अंत्ययात्रेत खांदा देणे यांपैकी काहीही या वचनाने मना केलेले नाही. देवपूजेत स्वतः सहभागी व्हावे की नाही हा वेगळा प्रश्न आहे. तेथे आपली श्रद्धा नम्रपणे सांगावी, त्यांच्या देवाची थट्टा करू नये आणि शंका असल्यास आपल्या धर्मगुरूंशी बोलावे. ज्याने हे कठोर वचन उच्चारले, त्याने क्रुसावर असताना आपल्या आईच्या निवाऱ्याची सोय केली, हे योहानच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे.