आधी दाखवा, मग करून घ्या

फैजपूरच्या शिवारात मृगबाग जोमात आली की केळीच्या बुंध्याभोवती पिलं फुटतात. ती वेळेवर कापली नाहीत, तर मूळ झाडाचं अन्न वाटून घेतात आणि घड बारीक राहतो. काम सोपं दिसतं. पण नवख्याच्या हाती नुसता विळा दिला, तर तो पील अर्ध्यातूनच छाटतो, नाहीतर मूळ झाडाला इजा करतो.

जाणता बागायतदार पहिलं पील स्वतः कापतो आणि विळा कुठं लावायचा, तेही सांगतो. दुसऱ्या पिलाला हात शिकाऊ पोराचा, नजर बागायतदाराची. चूक झाली की तिथंच थांबवतो. पाच-सहा पिलं नीट निघाली की ओळ पोराच्या हवाली.

शिक्षणशास्त्रात याच क्रमाला थेट अध्यापन म्हणतात. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात सिगफ्रीड एंगलमन आणि कार्ल बेरायटर यांनी गरीब घरांतल्या लहान मुलांसाठी त्याचे काटेकोर पाठ बांधले. मूल चुकलं, तर दोष आधी शिकवण्यात शोधा, हा एंगलमन यांचा आग्रह. २०१८ साली ३२८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा या पद्धतीचा परिणाम चांगला दिसला.

वर्गात हे कसं दिसतं? अर्धा अधिक एक तृतीयांश किती? ‘समजलं का?’ विचारलं तर सगळा वर्ग ‘हो बाई’ म्हणतो. त्याऐवजी सगळ्यांच्या पाट्या एकदम वर करायला लावल्या, की ‘दोन पंचमांश’ कोणी लिहिलं ते लगेच कळतं. मग बाई तेवढीच पायरी पुन्हा करून दाखवतात.

याच फैजपूरला हाताच्या कामाचा आणखी एक धागा आहे. डिसेंबर १९३६मध्ये इथं काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं; तिथल्या खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनाचं उद्घाटन गांधीजींनी केलं. पुढच्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम ही शिक्षणपद्धती पुढे आली. तिथं हस्तोद्योग हेच शिक्षणाचं माध्यम. थेट अध्यापनाची वाट वेगळी. पण तकलीवर सूत काढायचं, तरी आधी कुणीतरी हळूहळू करून दाखवावंच लागतं.

टीकाही आहे. शब्दन् शब्द ठरलेल्या पाठात शिक्षक यंत्र बनतो, असं अनेकांना वाटतं. शिवाय हात बसलेल्या मुलाला तीच पायरी पुन्हा दाखवली तर ते कंटाळतं. भागाकाराची रीत थेट अध्यापनानं पक्की होते. पण खत-पाण्याच्या खर्चाचं गणित स्वतः मांडायचं, तर मुलांना चाचपडायला मोकळा तासही लागतो.