शिवराई : अर्ध्या अक्षरांचं नाणं

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात, तर गंजलेली कुलपं, पितळी समया आणि बंद पडलेली घड्याळं यांच्या मधोमध काळपट तांब्याच्या चकत्यांचा ढीग दिसतो. विक्रेत्याच्या लेखी त्यातली प्रत्येक चकती ‘महाराजांच्या काळातली’ असते. प्रत्यक्षात बहुतेक चकत्या शिवाजी महाराजांच्या नंतरच्या, पुष्कळशा तर पेशवाईतल्या. तरीही नाणी जमवायला सुरुवात करणाऱ्याने पहिलं नाणं म्हणून या ढिगातली शिवराईच घ्यावी, असं माझं मत आहे. ती परवडते हे खरं, पण माझं कारण वेगळं आहे. एकटी शिवराई जवळजवळ कधीच पूर्ण वाचता येत नाही.

शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’ आणि भोवती ठिपक्यांचं कडं. चित्र नाही, फारसी नाही. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हापासूनचं हे नाणं. सोन्याचा होनही पाडला गेला, पण आज अस्सल होन इतके दुर्मीळ आहेत की नवख्याने त्यांचा विचारही करू नये. त्याच वर्षी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झेंडनने इंग्रजांच्या वतीने जी कलमं मांडली, त्यांत आपलं नाणं मराठी मुलखात चालावं, असंही एक होतं. महाराजांनी ते काही मान्य केलं नाही. तोटा सोसून नाणं घ्या अशी सक्ती मी रयतेवर करणार नाही, वजन आणि कस चोख असेल तर नाणं आपोआप चालेल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. सराफी पेढीवर बसलेल्या माणसानेही याहून वेगळं उत्तर दिलं नसतं.

आता अक्षरं अर्धी का? टांकसाळीत तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा हाणायचा. ठसा चकतीपेक्षा मोठा, चकतीही नीट गोल नाही. त्यामुळे कुठे ‘श्री’ कडेबाहेर जातो, कुठे ‘शिव’चा नुसता वेलांटीचा भाग उरतो. पेशवाईत नागोठणे, रेवदंडा अशा ठिकाणी टांकसाळी परवान्यावर चालत, ठसे कोरणारे हातही वेगवेगळे. म्हणून ‘शिव’चं ‘सिव’ होतं, ‘पति’ची वेलांटी कधी ऱ्हस्व तर कधी दीर्घ. ओळींच्या मध्ये दोन समांतर रेघा असल्या की ती दुदांडी शिवराई. संपूर्ण ठसा डोळ्यांसमोर आणायचा तर एकाच्या डाव्या कडेला दुसऱ्याची उजवी कड जोडत जावं लागतं. हे काम पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केलं ते रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांनी. मराठी संतांची चरित्रं आणि अभंग इंग्रजीत नेणारे अमेरिकन मिशनरी म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांनी हजारो शिवराया पालथ्या घालून अक्षरांचे फरक नोंदवले होते, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

शिवराईनंतर पेशवाईतला रुपया हातात आला की नवखा गोंधळतो. मराठ्यांचा रुपया, आणि त्यावर फारसीत मोगल बादशहाचं नाव! यात कुणाची शरणागती शोधू नये. बाजाराला ज्या रुपयाची सवय, तसाच रुपया पाडला की तो बिनबोभाट खपे. ओळख पटायची ती बारीकशा खुणेवरून. पुण्याच्या रुपयावर अंकुश असे, म्हणून तो अंकुशी. चांदवडचा तो चांदवडी. इतक्या तऱ्हेचे रुपये एकाच पेठेत फिरत, की सराफ बट्टा कापल्याशिवाय हातच लावत नसे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठी राज्यातल्या चलनावर आणि टांकसाळींवर स्वतंत्र निबंध लिहिला. विषय किचकट, पण तो वाचल्याशिवाय या काळातली नाणी विकत घेऊ नयेत.

१८३५ मध्ये कंपनी सरकारने सगळीकडे एकसारखा रुपया आणला. वजन १८० ग्रेन, म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅम. तांब्याची शिवराई मात्र खेड्यापाड्यांच्या बाजारांत त्यानंतरही बराच काळ चालत राहिली. एकसारख्या यंत्राच्या नाण्यांतही गमती आहेत. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि पुढच्या वर्षी चित्र सुधारावं लागलं. स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांवर सनाच्या खाली पाहावं : हिऱ्याची खूण मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. ही सवय घरातल्या चिल्लरीवरच लावून घेता येते.

शिवराई घरी आणल्यावर चिंच, लिंबू, राख काहीही लावू नये. तांब्यावर चढलेला काळसर-हिरवट थर दीडदोनशे वर्षांत बसलेला असतो. तो घासून काढला की अक्षरांच्या कडा जातात आणि जाणकार गिऱ्हाईकही जातं. वजन, व्यास आणि दिसणारी अक्षरं एका वहीत टिपावीत. चकचकीत, पूर्ण अक्षरांची शिवराई समोर आली तर हुरळू नये. बनावट माल तिथेच असतो. ‘जुनं नाणं द्या, लाखो मिळवा’ या जाहिरातींना भुलू नका, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं, तरी त्या थांबलेल्या नाहीत. मन लावून शिकायचं तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे.

शंभर वर्षांहून जुनं नाणं परवान्याशिवाय परदेशी नेता येत नाही. जमिनीत पुरलेलं धन सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली, तर १८७८ च्या कायद्यानुसार कलेक्टरला कळवावं लागतं. नांगराला लागलेलं मडकं गुपचूप वाटून घेतलं तर काय बुडतं, ते त्याच नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीवरून समजतं. तिथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. रेव्हरंड स्कॉट यांनी त्यातली १३ हजारांहून अधिक नाणी एकत्र तपासली. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला होता, आणि खाली नहपानाचा चेहरा अजून ओळखू येत होता. हरलेल्याचं चलन जिंकणाऱ्याने किती मोठ्या प्रमाणावर ठसा मारून पुन्हा वापरात आणलं, हे त्या मोजणीतून कळलं. तीच नाणी वीस-वीस, पंचवीस-पंचवीस करून सोनारांकडे गेली असती, तर मोजायला हाती चांदीची लगड उरली असती.