मिहानच्या मुलाखतीत अडवणारा ‘थ्रेड’. ‘रन’ आणि ‘स्टार्ट’मध्ये नेमका फरक काय?

नागपूर : मिहानच्या सेझमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची केंद्रे आहेत. त्यामुळे उमरेड, काटोल, कुही, भिवापूरकडच्या इंजिनीअरिंगच्या पोरांना पुण्याची गाडी धरण्याआधी खापरीकडे पाहता येते. फ्रेशरच्या मुलाखतीत जावाचा विषय निघाला, की ‘थ्रेड कसा तयार कराल?’ हा प्रश्न हमखास येतो. व्याख्या बहुतेकांना पाठ असते. घोडं अडतं ते त्यानंतरच्या प्रश्नाला.

कळमना मार्केटमधली अडत डोळ्यांसमोर आणा. गाडी उतरवणे, माल मोजणे, नोंद करणे ही सगळी कामे एकच माणूस करत असेल, तर मागच्या गाड्या ताटकळतात. दुसरा माणूस लावला की दोन कामे सोबत चालतात. प्रोग्रामचेही तसेच आहे. जावाचा प्रोग्राम सुरू झाला, की ‘मेन’ नावाचा एक थ्रेड आपोआप कामाला लागतो. दुसरा हवा असेल तर तो आपल्याला तयार करावा लागतो.

त्याच्या दोन रीती आहेत. एक तर ‘थ्रेड’ क्लास एक्स्टेंड करायचा, नाही तर ‘रनेबल’ इंटरफेस घेऊन त्याचे ऑब्जेक्ट थ्रेडला द्यायचे. दोन्हीत काम लिहायचे ते ‘रन’ मेथडमध्ये. जावात एका क्लासला एकच पालक क्लास घेता येतो, म्हणून रनेबल बरा. 2014 साली आलेल्या जावा 8 पासून लॅम्डा वापरून हे एका ओळीत होते.

आता खरी मेख. काम ‘रन’मध्ये लिहिले, पण बोलवायचे ‘स्टार्ट’ला. थेट ‘रन’ला बोलावले तर एरर येत नाही, काम होते, आउटपुटही दिसते, फक्त नवा थ्रेड तयार होत नाही. सगळे काम जुन्या ‘मेन’नेच केलेले असते! ‘रन’च्या आत चालू थ्रेडचे नाव छापून पाहा. थेट बोलावल्यावर ‘मेन’ दिसेल; ‘स्टार्ट’ केल्यावर, आपण नाव दिले नसेल तर, ‘थ्रेड-0’ असे काहीतरी. एकाच थ्रेडला दोनदा ‘स्टार्ट’ केले तर मात्र एक्सेप्शन येतो.

नोट्स पाठ करून हे कळत नाही, एकदा चालवूनच कळते. घरी लॅपटॉप नसेल तर मोबाईलवरच्या ऑनलाइन कंपायलरवरही जमते.

थ्रेड सुरू झाले की कोणता आधी संपेल याची हमी नसते. दुसऱ्याचे काम होईस्तोवर थांबायचे असेल तर ‘जॉइन’ वापरावे.

त्याहून मोठा घोळ सामायिक आकड्याचा. समजा, अडतीतल्या दोन दिवाणजींचे रजिस्टर एकच आहे. दोघांनीही एकाच वेळी पाहिले : 100 पेट्या. दोघांनी आपापली एक मिळवली आणि 101 लिहिले. आल्या दोन पेट्या, चढली एक. शेतकऱ्याची एक पेटी गेली कुठे? संगणकातही ‘काउंट प्लस प्लस’ ही एक क्रिया वाटते, पण असतात तीन : वाचणे, वाढवणे, परत लिहिणे. दोन थ्रेडना एकच काउंटर 10,000 वेळा वाढवायला लावले तर 20,000 यायला हवेत; बरेचदा कमी येतात, आणि दरवेळी वेगळे. हिलाच रेस कंडिशन म्हणतात. वाढवण्याच्या मेथडला ‘सिंक्रोनाइज्ड’ लावले, की एकाचे संपेपर्यंत दुसरा आत येत नाही. रजिस्टर एका वेळी एकाच्याच हाती.

मग सरसकट सगळीकडेच सिंक्रोनाइज्ड लावावे का? नाही. तसे केले तर सगळे रांगेत उभे राहतात आणि दुसरा माणूस लावल्याचा फायदाच उरत नाही.

नोकरीतल्या कोडमध्ये सुटे थ्रेड फारसे दिसत नाहीत. तिथे ‘एक्झिक्युटर’कडे काम सोपवतात. सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या जावा 21 मध्ये तर व्हर्च्युअल थ्रेडही पक्के झाले. ते इतके हलके आहेत की लाखोंनी सुरू करता येतात. मात्र सामायिक आकड्याला कुलूप त्यांच्यातही लावावेच लागते.