स्वस्तातली मर्सिडीज: ऐकीव किती, खरं किती

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. सौदा ६५ कोटींचा होता आणि देशभर गाजला. त्या गाड्यांची पंधरा वर्षं २०२५ मध्ये भरली. त्यांच्याच वयाच्या, किंवा दोन-चार वर्षांनी लहान असलेल्या सी-क्लास, ऑडी ए४, बीएमडब्ल्यू थ्री सीरिज आज नव्या स्विफ्टच्या भावात, कधी त्याहून कमीत मिळतात. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावमार्गे त्या खानदेशातल्या आमच्या भडगावात पोचतात. केळीचा नाहीतर कापसाचा पैसा हातात आलेला असतो, लग्नसराई तोंडावर असते, आणि गाडीइतकीच तिच्याविषयीची ऐकीव माहितीही वापरलेली असते.

पहिलं ऐकीव वाक्य म्हणजे ‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात’. हा दिल्लीचा नियम इथे चिकटवला जातो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या बंद केल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते उचलून धरलं आणि २०२५ मध्ये त्यात काही सवलत दिली. महाराष्ट्रात खासगी गाडीला अशी बंदी नाही. गाडी तपासणीत पास झाली की नोंदणी पाच वर्षांनी वाढते. त्यासाठी साध्या मोटारीला ५,००० रुपये शुल्क आहे, पर्यावरण कर वेगळा. आयात केलेल्या गाडीला मात्र हेच शुल्क ४०,००० आहे, आणि वीस वर्षं उलटल्यावर दोन्ही आकडे दुप्पट होतात.

इथे लोक घाबरतात, कारण मर्सिडीज म्हणजे परदेशी, असं डोक्यात पक्कं असतं. प्रत्यक्षात मर्सिडीज १९९५ पासून पुण्यात जुळवली जाते, २००९ पासून चाकणच्या कारखान्यात. ऑडीची जुळणी २००७ मध्ये संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला सुरू झाली, म्हणजे भडगावहून सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाआधी पोचाल एवढ्या अंतरावर. बीएमडब्ल्यू त्याच वर्षी चेन्नईत आली. आपल्याकडे फिरणाऱ्या बहुतेक सी-क्लास, ए४ आणि थ्री सीरिज अशा देशात जुळवलेल्याच आहेत. पूर्ण तयार होऊन बोटीने आलेली मॉडेलं थोडी, पण आहेत. म्हणून विक्रेत्याच्या तोंडावर न जाता आरसी बुकात काय लिहिलंय ते बघा.

‘दिल्लीची गाडी निम्म्या भावात पडते’ हेही अर्धंच खरं. तिथली दहा वर्षांची डिझेल गाडी स्वस्त मिळते, कारण तिथे तिचं भवितव्य डळमळीत असतं. पण ती इथे आणली की बारा महिन्यांच्या आत नव्याने नोंदवावी लागते. भडगावला आता स्वतःचा एमएच ५४ आहे, त्यामुळे जळगावचे खेटे वाचतात, कर वाचत नाही. हा कर तुम्ही सात लाख मोजले म्हणून सात लाखांवर बसत नाही. आधार असतो गाडीची नवी असतानाची किंमत, आणि वयानुसार टक्का उतरत जातो. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या डिझेल गाडीचा मूळ दर १५ टक्के आहे. आधी आरटीओत आकडा काढून घ्या, मग भाव करा. एनओसी खरी आहे का, कर्जाचा बोजा उतरलाय का, चलनं थकलीत का, हे परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर आणि मूळ आरटीओत तपासायचं. एजंटाने मोबाइलवर पाठवलेला फोटो म्हणजे एनओसी नव्हे.

आता यंत्राकडे येऊ, कारण खरा पैसा तिथे जातो. ‘चाळीस हजारच चाललीय, हात लावायची गरज नाही’ हे वाक्य खानदेशात तरी ऐकून सोडून द्यावं. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो. उभ्या गाडीचंही रबर कडक होतं आणि प्लास्टिक ठिसूळ होतं. या गाड्यांच्या कूलिंगमध्ये प्लास्टिक भरपूर असतं: पाण्याची टाकी, पाइपांचे जोड, थर्मोस्टॅटचं घर. बारीक तडा गेला तर थंड असताना थेंबही दिसत नाही, आणि कन्नड घाटाच्या मध्यावर काटा चढतो. मर्सिडीजच्या एअर सस्पेन्शनचंही असंच. रबरी फुगा झिरपतो, त्याची भरपाई करता करता कॉम्प्रेसर जळतो आणि मालक कॉम्प्रेसर बदलून मोकळा होतो. फुगा तसाच राहतो, त्यामुळे नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो. रात्री सपाट जागी लावलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली दिसली, तर दोष तिथे शोधा.

बीएमडब्ल्यूच्या ३२०डी मध्ये बरीच वर्षं एन४७ नावाचं इंजिन होतं. त्याची टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेनची किंमत बेताची, पण तिच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं. ती तुटली तर इंजिनच जातं. म्हणून अशी गाडी बघायला सकाळी जा आणि ‘आधीच चालू करून ठेवतो’ म्हणणाऱ्याला थांबवा. थंड इंजिन सुरू होताना मागच्या बाजूने साखळी घासल्यासारखी खरखर आली, तर भाव करत बसू नका, परत फिरा.

‘गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभराचं’ हा समज तर कंपनीच्याच पुस्तकाने पसरवला. बीएमडब्ल्यूला आठ गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर, किंवा फार तर आठ वर्षं झाली की तेल बदला असं सांगते. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या गाडीत ते बहुधा बदललेलं नसतं.

‘स्कॅनर लावला, सगळं क्लिअर’ असं सांगितलं जातं. फॉल्ट कोड पुसायला दोन मिनिटं लागतात. पुसल्यावर गाडीच्या आतल्या चाचण्या अपूर्ण दिसतात आणि हजार-दोन हजारांच्या स्कॅनरवरही ते कळतं. त्या अपूर्ण असतील तर कोड नुकतेच पुसले, नाहीतर बॅटरी काढली. किलोमीटर मात्र मीटरशिवाय अनेक मॉडेलांत इतर मॉड्यूलमध्येही नोंदलेले असतात. ते वाचायला त्या ब्रँडचं सॉफ्टवेअर असलेला माणूस लागतो, आणि तो बहुधा नाशिकला किंवा संभाजीनगरला भेटेल. पुरात बुडालेली गाडी ओळखायला कसलंच यंत्र नको. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि टोकाकडचा गाळाचा डाग बघा, स्टेपनीखालचा पत्रा बोटाने चाचपा.

पार्ट फक्त शोरूममधूनच घ्यावे लागतात, असंही नाही. त्याच सस्पेन्शनचे हात लेमफोर्डर बनवते, फिल्टर मान किंवा माहले, इंजेक्टर बॉश. कंपनीच्या डब्याऐवजी त्यांच्या स्वतःच्या डब्यात ते बरेच स्वस्त पडतात. स्वतंत्र गॅरेजांना पार्ट आणि माहिती न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, स्कोडा त्यात होत्या. पुढे प्रकरण अपिलात गेलं. कुर्ल्याच्या बाजारातला काढलेला पार्ट दरवाजा, आरसा, सीट यांना चालतो. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांना नको.

विम्याबद्दल थोडक्यात. जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, सहसा मिळत नाही, त्यामुळे रबर आणि प्लास्टिकच्या पार्टची निम्मी किंमत दाव्यातून कापली जाते, आणि या गाड्यांच्या बंपर-हेडलाइटात प्लास्टिकच जास्त. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो. स्वतःच्या नुकसानीचा विमा नावावर करून घ्यायला चौदा दिवस मिळतात.

विकणाऱ्यांचाही एक गैरसमज आहे: गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या टीटी फॉर्मवर सही केली, पैसे मिळाले, आपण सुटलो. गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली, अपघाताची भरपाई त्याच्या माथी, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट केलं आहे. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी सोडू नका.

आमच्याकडचे गॅरेजवाले म्हणतात, “भाऊ, गाडी सस्ती शे, पन पोसाले महाग शे.” गाडीचा भाव पडतो, पार्टचा आणि मजुरीचा भाव नव्या गाडीचाच राहतो. माझ्या मते खरेदीच्या किमतीच्या किमान एक तृतीयांश रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला नसेल, तर ही गाडी घेऊ नये. असेल, तर गाडी आधी लिफ्टवर चढवून जाणत्या मेकॅनिककडून खालून बघून घ्या, आणि इसार त्यानंतरच द्या.