शैक्षणिक कर्ज फिटलं? पेढे वाटा, पण हे पाच कागद घेतल्याशिवाय गप्प बसू नका

(तालुका प्रतिनिधी)

2025 च्या जुलै महिन्यातली गोष्ट. सोयाबीनची पेरणी उरकली होती. दुपारी बांधावर भाकरी सोडली तेवढ्यात पुण्याहून पोरीचा फोन आला. "बाबा, शेवटचा हप्ता भरला. संपलं सगळं." मी घास तसाच हातात धरून बसलो. 2015 ला तिला इंजिनिअरिंगला घातलं तेव्हापासून दहा वर्षं हे कर्ज घरात एखाद्या माणसासारखं राहत होतं. पाऊस लांबला की आधी त्याची आठवण यायची. त्या संध्याकाळी गावात पेढे वाटले आणि रात्री कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली.

पण खरं सांगायचं तर तेव्हा कर्ज फिटलेलं नव्हतं. ते कळलं दिवाळीच्या तोंडावर.

माझा थोरला चुलत भाऊ, त्याला आम्ही आबा म्हणतो. पोरीच्या कर्जाला तोच जामीन राहिला होता. तो ट्रॅक्टरचं कर्ज काढायला बँकेत गेला, तर साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, "तुमची एक जामीनकी अजून उभी आहे, आणि त्या खात्यावर थकबाकी दिसते." आबा थेट माझ्या दारात आला. आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाला, "अरे, पोरीचं फिटलं म्हणून पेढा खाल्ला ना मी?" त्या वेळी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

दुसऱ्या दिवशी आमच्या बँकेत गेलो. खात्यावर 412 रुपये बाकी होती. शेवटचा हप्ता आणि आधीचा हिशेब यांच्या मधल्या दिवसांचं व्याज. ना कुणी कळवलं, ना आम्ही विचारलं. या 412 रुपयांनी आबाचा ट्रॅक्टर दोन महिने अडवला. आपल्या भागात कितीतरी घरांत पोरांच्या शिक्षणाचं कर्ज आहे, म्हणून हा लेख.

कर्ज वाढतं कसं?

आधी हिशेब समजून घेऊ. आम्ही दर वर्षी 1 लाख 30 हजार असे चार वर्षांत 5 लाख 20 हजार उचलले. शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो. पण हप्ता नसला तरी व्याज चालूच असतं. या काळात ते सरळ व्याज असतं, आणि हप्ता सुरू होताना ते मुद्दलात मिळवलं जातं.

सोयीसाठी व्याज 10 टक्के धरा. पहिल्या वर्षी उचललेल्या रकमेवर पाच वर्षांचं, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार वर्षांचं, असं करत व्याज होतं 1 लाख 82 हजार. म्हणजे घेतले 5 लाख 20 हजार आणि पहिला हप्ता सुरू झाला तेव्हा खात्यावर 7 लाख 2 हजार. बरेच पालक इथेच चमकतात. बँकेनं फसवलं असं वाटतं. फसवलेलं नसतं, आपण मधल्या काळात खात्याकडे बघितलेलं नसतं.

हे कर्ज दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता येतो सुमारे 9,280 रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात 5,850 रुपये निव्वळ व्याजात जातात, मुद्दल कमी होतं जेमतेम 3,430 रुपयांनी. पोरीनं नोकरी लागल्यावर ठरवलं की महिन्याला 15 हजार भरायचे. तिनं सणाला कपडे घेतले नाहीत, मैत्रिणींसोबत फिरायला गेली नाही, पण कर्ज दहाऐवजी पाच वर्षांत उतरलं. या हिशेबानं व्याजाचे सुमारे 2 लाख 20 हजार वाचले. बदलत्या व्याजदराच्या कर्जावर लवकर फेडलं म्हणून दंड लावता येत नाही, हे लक्षात ठेवा.

ज्यांची मुलं आत्ता शिकतायत त्यांनी जमेल तसं दर महिन्याचं व्याज तरी भरत जावं. आमचं पहिल्या वर्षीचं व्याज महिन्याला अकराशेच्या आतच होतं. तेवढं भरलं तर मुद्दल फुगत नाही, आणि काही बँका असं व्याज भरणाऱ्याला दरात 1 टक्का सवलतही देतात.

जामीनदार कुठे अडकतो?

आम्ही कर्ज घेतलं तेव्हा 4 लाखांपर्यंत जामीन लागत नव्हता, 4 ते साडेसात लाखांपर्यंत तिसऱ्या माणसाची जामीनकी आणि त्यावर तारण, अशी पद्धत होती. आपल्याकडे जामीन राहणं म्हणजे "नुसती सही" समजतात. तसं नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. शिवाय हे कर्ज त्याच्या सिबिल अहवालातही दिसू शकतं. कर्ज आपलं, पण ओझं त्याच्याही नावावर असतं. म्हणून कर्ज फिटलं की पहिला हक्काचा माणूस तो. त्याला नुसता पेढा देऊन भागत नाही, कागद दाखवावा लागतो.

हे पाच कागद घ्या

पहिला : बेबाकी दाखला, म्हणजे बँकेच्या भाषेत नो ड्यूज. कर्ज खातं बंद झालं आणि काही येणं बाकी नाही असं त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. खाते क्रमांक, बंद झाल्याची तारीख, सही आणि शिक्का बघून घ्या. मोबाईलवर आलेला पैसे भरल्याचा मेसेज म्हणजे बेबाकी नव्हे.

दुसरा : खात्याचा शेवटचा उतारा. त्यावर शिल्लक शून्य आणि खातं बंद दिसलं पाहिजे. आमची चूक इथेच झाली. शेवटचे पैसे भरण्याआधी शाखेत जाऊन विचारायचं, "अमुक तारखेला खातं बंद करायला नेमके किती भरावे लागतील?" ती रक्कम लिहून घ्यायची आणि त्याच दिवशी भरायची.

तिसरा : तुमचे मूळ कागद. घर, प्लॉट, ठेवीची पावती, विमा पॉलिसी असं काही तारण ठेवलं असेल तर ते परत घ्या. सह्या केलेले कोरे चेक दिले असतील तर तेही मागा, आणि खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी रद्द करून घ्या. रिझर्व्ह बँकेचा 13 सप्टेंबर 2023 चा आदेश आहे. कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत मालमत्तेचे मूळ कागद परत द्यायचे. बँकेच्या चुकीमुळे उशीर झाला तर दर दिवसाला 5 हजार रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. 1 डिसेंबर 2023 पासून हे लागू झालं.

चौथा : बोजा उतरलेला सातबारा. हा फक्त ज्यांच्या जमिनीवर बोजा चढवला असेल त्यांच्यासाठी. बँकेनं दाखला दिला म्हणून इतर हक्कातला बोजा आपोआप जात नाही. दाखला जोडून तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन अर्ज करा, फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढून बघा. गहाणखत नोंदणीकृत असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात ते सोडवल्याचा दस्तही करावा लागतो.

पाचवा : सिबिल अहवाल, आणि तोही तिघांचा. ज्याच्या शिक्षणासाठी कर्ज घेतलं तो, सहकर्जदार पालक आणि जामीनदार. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. खातं बंद दिसत नसेल तर तक्रार नोंदवा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे.

बँकेनं दाद दिली नाही तर?

तोंडी भांडू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी 14448 या क्रमांकावर फोन करा.

आम्ही त्याच दिवशी 412 रुपये भरले. बेबाकी दाखला मिळायला आठवडा लागला आणि सिबिलला खातं बंद दिसेपर्यंत डिसेंबर उजाडला. आबाचं कर्ज मंजूर झालं. ट्रॅक्टर दारात आला तेव्हा मी दाखल्याची झेरॉक्स त्याच्या हातात दिली. त्यानं चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाला, "आता खाऊ घाल पेढा." पोरगी सुट्टीला आली होती. पेढ्याचा पुडा तिनंच आणला.

जुलैत गाढ झोप लागली होती खरी. पण मोकळं वाटलं ते त्या दिवशी.