चर्चबाहेरचं गाणं : सोवेटो गॉस्पेल क्वायरची वाटचाल

२२ फेब्रुवारी २००९ ची ऑस्करची रात्र आपल्याकडे ए. आर. रहमानची रात्र म्हणून लक्षात आहे. ‘स्लमडॉग मिलियनेअर’मधली त्याची दोन गाणी नामांकनात होती. तिसरं गाणं होतं ‘वॉल-ई’ चित्रपटातलं, पीटर गॅब्रिएलचं ‘डाउन टू अर्थ’. तिन्हींची एकत्र गुंफण करायची आणि गॅब्रिएलच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर द्यायचं असं ठरल्यावर त्याने गायला नकार दिला. त्याच्या जागी जॉन लेजंड उभा राहिला आणि त्याच्या साथीला एक आफ्रिकी वृंद. ‘जय हो’च्या आनंदात हे गाणारे कोण, असा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणाला पडला नाही. तो सोवेटो गॉस्पेल क्वायर होता. चित्रपटातल्या मूळ ध्वनिमुद्रणातही तोच गायला होता आणि तोवर त्याच्या नावावर दोन ग्रॅमी पुरस्कार जमा झाले होते.

या वृंदाची स्थापना २००२ ची. जोहान्सबर्गच्या नैर्ऋत्येला, काळ्या कामगारांना शहराबाहेर ठेवण्यासाठी वसवलेल्या वस्त्यांचा समूह म्हणजे सोवेटो. तिथे चर्च पावलोपावली आणि प्रत्येक चर्चला स्वतःचा क्वायर. डेव्हिड मुलोव्हेडझी हे असाच एक क्वायर चालवत, त्याचं नाव होली जेरुसलेम. त्यांनी आणि बेव्हर्ली ब्रायर यांनी त्या क्वायरमधले आणि आसपासच्या चर्चमधले निवडक आवाज एकत्र आणले. पाठीशी अँड्र्यू के यांच्यासारखे ऑस्ट्रेलियन निर्माते होते. म्हणजे एखाद्या गल्लीतला रविवारचा क्वायर गात गात जगप्रसिद्ध झाला, अशी ही गोष्ट नाही. चाचण्या घेऊन, माणसं पारखून, परदेश दौऱ्यांसाठी जाणीवपूर्वक बांधलेला हा तिसेक जणांचा व्यावसायिक संच आहे. परदेशी प्रेक्षकांसाठी रंगवलेली आफ्रिका, अशी नाकं मुरडायला इथे भरपूर जागा आहे.

पण दक्षिण आफ्रिकेतलं समूहगान परदेशी मंचावर जाण्याची तऱ्हा या वृंदाने शोधलेली नाही. ती शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे. १८९० साली ऑर्फियस मॅकअडू हा अमेरिकेतला काळा गायक आपला जथा घेऊन केपटाउनला उतरला. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांची भक्तिगीतं त्याने तिथे ऐकवली आणि तिथल्या शिकलेल्या काळ्या तरुणांच्या डोक्यात ती घुमू लागली. पुढच्याच वर्षी ‘आफ्रिकन क्वायर’ नावाचा त्यांचा वृंद इंग्लंडला गेला आणि ऑस्बर्नच्या राजवाड्यात राणी व्हिक्टोरियापुढे गायला. त्यांच्या कार्यक्रमाची आखणी मोठी बोलकी आहे. पूर्वार्धात कातडी आणि मण्यांच्या माळा, उत्तरार्धात कडक इस्त्रीचे व्हिक्टोरियन पोशाख. आधी ‘रानटी’ दिसायचं आणि मग ‘सुधारलेलं’. दोन्ही सोंगं तिकीट काढणाऱ्यांसाठी. पुढे अमेरिकेच्या दौऱ्यात हा वृंद वाऱ्यावर सोडला गेला. त्यातली शार्लट मान्ये ओहायोतल्या विल्बरफोर्स विद्यापीठात शिकली आणि शार्लट मॅक्सेके या नावाने परतून काळ्या स्त्रियांच्या चळवळीची आघाडीची नेता झाली. सोवेटोच्या मंडळींचे भगवे, हिरवे, जांभळे झगे पाहताना मला ती दोन सोंगांची आखणी आठवते. हे कपडे रोज कोणी घालत नाही, ते मंचासाठीच शिवलेले. फरक एवढाच की आता आधी ‘रानटी’ आणि मग ‘सुधारलेलं’ दिसण्याचं सोंग करावं लागत नाही, आणि हा फरक लहान नाही.

या गाण्याची ताकद मात्र कपड्यांत नाही, आवाजांच्या चार थरांत आहे, आणि तिचं मूळ मिशनच्या शाळेत आहे. एकोणिसाव्या शतकात जॉन कर्वेन या इंग्लिश धर्मोपदेशकाने प्रचारात आणलेली ‘टॉनिक सोल्फा’ पद्धत मिशनऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेत नेली. पाच ओळींच्या कागदावर टिंबं काढण्याऐवजी इथे स्वरांची आद्याक्षरं लिहायची आणि मात्रा विरामचिन्हांनी दाखवायच्या. ‘डो’ कुठल्याही पट्टीत धरता येतो, आपला ‘सा’ धरतो तसा. त्यामुळे पियानो नसलेल्या खोलीत, फळ्यावर खडूने लिहूनही चार भागांची रचना बसवता येते. इंग्लंडमध्ये ही लिपी मागे पडली. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वायरमध्ये ती आजही चालते. त्यावर तिथल्यांनी आपलं काय चढवलं तर खर्ज. पुरुषांचे खालचे आवाज नुसती बैठक देत नाहीत, ते चाल ढकलत नेतात. एक जण ओळ टाकतो, बाकीचे ती अर्ध्यावरच झेलतात आणि पाय आपोआप हलू लागतात. मिशनऱ्यांना हे हलणारे पाय अजिबात पसंत नव्हते.

धर्म परका आणि चाल आपली, हा झगडा मराठी माणसाला नवा नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा मराठी चर्चमध्ये विलायती चालींत बसवलेली भाषांतरित गीतं होतीच. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि ओवीत आणलं. तिकडे दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा समाजात हे काम न्त्सिकाना नावाच्या माणसाने त्याआधी किमान सत्तर वर्षं केलं होतं. तो १८२१ मध्ये वारला. त्याची स्तोत्रं लोकांच्या तोंडी टिकली आणि जॉन नॉक्स बोक्वे यांनी ती त्याच सोल्फा लिपीत उतरवून छापली. याच वाटेवरचा पुढचा माणूस एनॉक सोंटोंगा, मिशनच्या शाळेतला मास्तर. आजच्या सोवेटोला लागूनच असलेल्या नॅन्सफील्डमध्ये त्याने १८९७ साली ‘न्कोसी सिकेलेल आफ्रिका’ रचलं. प्रार्थना म्हणून जन्मलेलं हे गाणं आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने आपलं केलं, आणि आज देशाच्या पाच भाषांतल्या राष्ट्रगीताची सुरुवात त्यानेच होते.

वर्णभेदाच्या काळात प्रार्थना आणि निषेध यांतली रेघ पुसलीच गेली. १६ जून १९७६ ला सोवेटोतली शाळकरी मुलं आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. पळणारी मुलं रेजिना मुंडी या कॅथलिक चर्चमध्ये शिरली. पोलीस मागोमाग आत आले, तिथेही गोळीबार केला. त्यानंतर सभांवर बंदी आली की लोक अंत्ययात्रांना जमत. शवपेटी खांद्यावर असताना जे गायलं जाई ते स्तोत्र की घोषणा, हे वर्दीवाल्यालाही सांगता आलं नसतं. या वृंदाचे सुरुवातीचे गायक अशा वस्त्यांत वाढलेल्या पिढ्यांतले.

पहिले दौरे ऑस्ट्रेलियाचे, मग एडिंबराचा फ्रिंज महोत्सव, मग अमेरिका. ‘व्हॉइसेस फ्रॉम हेवन’ हा पहिला अल्बम बिलबोर्डच्या जागतिक संगीताच्या यादीत अव्वल ठरला. ‘ब्लेस्ड’ला २००७ मध्ये आणि ‘आफ्रिकन स्पिरिट’ला २००८ मध्ये ग्रॅमी मिळाला. त्याआधी, २००३ च्या नोव्हेंबरात, मंडेलांच्या कैदी क्रमांकाचं नाव घेतलेल्या ‘४६६६४’ या एड्सविरोधी मैफलीत ते केपटाउनला गायले होते. एड्सने आईबाप गमावलेल्या मुलांसाठी पैसा उभा करणं हा या वृंदाच्या कामाचा भागच होऊन गेला. २००९ मध्ये मुलोव्हेडझी वारले. नेता गेला की असे संच सहसा विस्कटतात. इथे नृत्य बसवणारे, पहिल्यापासून वृंदात असलेले शिमी जियाने पुढे आले आणि गाडी थांबली नाही.

या काळातले अल्बम मला जरा जास्तच गुळगुळीत वाटतात. प्रत्येक गाण्याला ठरल्या ठिकाणी कळस, ठरल्या ठिकाणी टाळ्या. त्यांचं खरं पाणी मला दिसलं ते डिसेंबर २०१३ च्या एका चित्रफितीत. मंडेलांचं निधन ५ डिसेंबरला झालं. त्यानंतर दोनच दिवसांत जोहान्सबर्गच्या एका सुपरमार्केटमध्ये ही मंडळी दुकानातले नोकर आणि गिऱ्हाइकं बनून मांडण्यांमध्ये पांगली. एक आवाज उठला, मग दुसरा. गाणं होतं जॉनी क्लेग या गोऱ्या गायकाचं ‘असिंबोनांगा’. मंडेला तुरुंगात असताना, त्यांचा फोटो छापणंही गुन्हा होता तेव्हा, १९८७ साली आलेलं. खरेदीला आलेली माणसं हातातलं सामान तसंच धरून उभी राहिली. ना झगे, ना रोषणाई. चार थर मात्र जागच्या जागी.

मायदेशात या वृंदाचं स्थान कायम थोडं विचित्र राहिलं आहे. तिथल्या गॉस्पेलच्या, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांच्या, बाजारात राज्य करते ती रिबेका मालोपेसारखी गायिका किंवा १९९४ पासून चालत आलेला ‘जॉयस सेलिब्रेशन’ हा वृंद. टॅक्सीत, लग्नात, रेडिओवर वाजतात ती त्यांची गाणी. सोवेटो गॉस्पेल क्वायर वर्षातला मोठा काळ विमानात असतो. तेव्हा मंडेलांच्या जन्मशताब्दीला, २०१८ मध्ये, त्यांनी ‘फ्रीडम’ हा स्वातंत्र्यलढ्याच्या गाण्यांचा अल्बम केला, ही मला घरवापसी वाटते. २०१९ मध्ये त्यालाही ग्रॅमी मिळाला, पण तो नसता मिळाला तरी माझ्या मते हेच त्यांचं सर्वांत मोठं काम ठरलं असतं. परक्याला खूश करण्याची घाई त्यात कमी आहे. खर्जाला जागा आहे, गाणी विनाकारण फुगत नाहीत.

अलीकडे त्यांनी ग्रूव्ह टर्मिनेटर या ऑस्ट्रेलियन डीजेबरोबर ‘हिस्टरी ऑफ हाउस’ हा प्रयोग केला आहे. हाउस हे शिकागोच्या नाचघरांतलं संगीत. त्यातल्या गायिकांचे गळे बहुतेक चर्चमध्येच तयार झालेले, आणि सोवेटोच्या तरुणांनी हे संगीत केव्हाच आपलंसं केलेलं. तेव्हा शुद्धतावाद्यांनी कपाळाला हात लावायचं कारण नाही. माझी तक्रार वेगळी आहे. यंत्राचा ठेका एकसारखा चालू राहिला की ओळ किंचित मागे ओढायची किंवा पुढे ढकलायची मोकळीक गाणाऱ्यांना उरत नाही, आणि खर्जातल्या पुरुषांचं सगळं कसब त्याच मोकळिकीत आहे. अशा प्रयोगात मध्येच कधी ठेका थांबतो आणि नुसते आवाज उरतात, त्या जागा मी पुन्हा पुन्हा ऐकतो.