हॅम रेडिओचा संच घरी जोडताना

महापूर आला की वीज जाते, टॉवर बंद पडतो आणि हातातला मोबाइल नुसता डबा होऊन बसतो. अशा वेळी बॅटरीवर चालणारा एक छोटा संच शेकडो किलोमीटरवर निरोप पोहोचवू शकतो. त्याला हौशी रेडिओ किंवा हॅम रेडिओ म्हणतात. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद हॅम संच घेऊन अंदमानात, पोर्ट ब्लेअरला होत्या. फोन बंद पडलेले असताना त्यांनी तिथल्या लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचवले.

हा संच सुट्या भागांतून घरी जोडता येतो. हैदराबादच्या अशर फरहान यांनी साध्या भागांतून होणारा ‘बिटएक्स’ संच तयार केला. सुरुवातीच्या रचनेत तार गुंडाळायला त्यांनी नळाचे वायसर वापरले होते! पुढे याच संचाच्या तारेची कडी हाताने गुंडाळायचे काम महिलांच्या एका गटाने केले. म्हणून आम्ही गटाच्या बैठकीत सांगतो, की टाके मोजणाऱ्या हातांना हे काम अवघड नाही.

पण आधी परवाना, मग संच. बोलण्याचा संच नुसता घरात ठेवायलाही केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. वय बारा वर्षे पूर्ण हवे. वीज आणि रेडिओची मूलभूत माहिती, तसेच नियम यांवर परीक्षा होते. पास झालात की स्वतःचे ‘व्हीयू’ने सुरू होणारे संकेतनाव मिळते. यावर गाणी, जाहिराती किंवा धंद्याचे बोलणे चालत नाही. ते आपले सामुदायिक रेडिओ केंद्र नव्हे.

आता जोडणी. प्रथम सगळे भाग ताटात मांडून यादीशी ताडून पाहा. रेझिस्टरवर रंगांचे पट्टे असतात, त्यावरून त्याचे माप कळते. बुटके भाग आधी बसवा, उंच नंतर. डायोड आणि काही कपॅसिटर यांना दिशा असते. ते उलटे बसले तर संच चालणार नाही, भागही जळेल.

कड्यावर तार गुंडाळताना ती आतून जितक्या वेळा जाईल तितके वेढे धरायचे. या तांब्याच्या तारेवर लाखेसारखा थर असतो. टोकाचा थर खरवडला नाही, तर जोड दिसतो पण वीज जात नाही.

सोल्डर करताना गरम टोक आधी पट्टी आणि भागाच्या तारेला लावा, मग तिथे सोल्डर द्या. जोड चकचकीत आणि उतरता हवा. मळकट, गोळा झालेला जोड कच्चा समजा. साध्या सोल्डरमध्ये शिसे असते. खिडकी उघडी ठेवा, लेकरांना लांब बसवा, हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.

संच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवतात. प्लस-मायनस दोनदा पाहा. अँटेना किंवा चाचणीचा ५० ओहमचा भार जोडल्याशिवाय बोलण्याचे बटण दाबू नका, नाहीतर शेवटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो. ७ मेगाहर्ट्झसाठी मधोमध जोड देऊन दोन्ही बाजूंना सुमारे ३३-३३ फूट तार ताणतात. ती विजेच्या तारांपासून दूरच हवी, आणि ढग गडगडू लागले की संचापासून सोडवायची.

प्रत्येक घरी संच नको. गटातल्या एखाद्या मुलीने किंवा ताईने परवाना काढला, बाकीच्यांनी जोडणीला हात लावला, तरी गावात एक संच होईल. मात्र तो कपाटात ठेवू नका. दर आठवड्याला ठरल्या वेळी बोलत राहा, म्हणजे पुराच्या रात्री हात चाचपडणार नाहीत.